मंगलकाकीचा राग

मंगलकाकीला आता सदुसष्ट सरली. इस्लामपूरजवळच्या गावात तिचं घर शाळेला लागूनच आहे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की हातातलं निवडणं थांबतं आणि हळदीच्या खिचडीचा वास नाकात दरवळतो. आता जेवण टेम्पोतून येतं. पूर्वी ते तिच्या चुलीवर शिजायचं, बारा वर्षं.

साखर कारखाना सुरू झाला की माळावर ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या पडायच्या आणि त्यांची पंधरावीस पोरं शाळेत यायची. एका वर्षी शाळा समितीचे अध्यक्ष राजवर्धन म्हणाले, "ती पोरं भाईर व्हरांड्यात बसवा, चपला काढत्यात तिथं. मळकी असत्यात. लोकांची तक्रार हाय."

पहिल्या दिवशी काकीनं मुकाट वाढलं. राग गिळायची तिला लहानपणापासूनची सवय. बाईमाणसानं तोंड मिटून राहावं, असंच आईनं शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी सातएक वर्षांच्या एका पोरीनं ताटली पुढं केली. हळूच म्हणाली, "काकी, उद्या मी आंघोळ करून येते. मग आत बसू का?"

काकीनं दोन्ही हातांनी पातेलं उचललं, थेट चपलांशेजारी आणून ठेवलं आणि ती ओरडली, "आजपासनं वाढप हितंच! जेवायचं त्यानं भाईर यायचं!"

गावातल्या पोरांना गंमतच. सगळी धावत आली आणि व्हरांड्यातल्या उन्हात मांडीला मांडी लावून जेवली.

राजवर्धन तणतणत आले. "काकी, लय झालं हे!"

"व्हय, लय झालं. म्हणूनच आणलं भाईर."

आठवड्यात तिचं काम गेलं. पण खरा धसका तिनं घेतला होता तो स्वतःच्या रागाचा. उपकेंद्रात रक्तदाब बघायला गेली, तेव्हा नर्स विजयमालाबाईंना म्हणाली, "बाई, माझ्या अंगात पाप शिरलंय. राग जाईना."

बाई ख्रिस्ती होत्या. दंडाचा पट्टा सोडत म्हणाल्या, "अगं, बाया लेकरं घेऊन येशूकडं आल्या, तर त्याचीच माणसं त्यांना हाकलायला लागली. तेव्हा तोही रागावला. लेकरांवर नव्हं, हाकलणाऱ्यांवर."

"देव रागावला? बारक्या पोरांपायी?"

"व्हय. तुझा राग पाप नव्हं, मंगल. त्यानं मारलेली हाक असंल ती."

काकी तिथंच बाकावर बसून रडली. पुढं दर रविवारी इस्लामपूरच्या प्रार्थनाघरात जाऊन मागच्या सतरंजीवर बसू लागली. तिसऱ्या वर्षी तिनं बाप्तिस्मा घेतला. बायका हळदीकुंकवाला बोलावीनाशा झाल्या. ते तिला फार लागलं. शाळेतली पंगत मात्र तिचं काम गेल्यावर पुढच्याच हंगामात एक झाली होती. गावातल्या चार आयांनीच ते लावून धरलं. काकीला कामावर कुणी परत घेतलं नाही.

नवऱ्याचं नाव गुंडा; लष्करातून निवृत्त झालेला, म्हसवडच्या सिद्धनाथाचा भक्त. तो एवढंच म्हणाला, "तुझा देव तुला, माझा मला. चहा तेवढा संगं पिऊ." दर रविवारी तो तिला गाडीवरून सोडायचा आणि प्रार्थना संपेपर्यंत समोरच्या लिंबाखाली पेपर वाचत बसायचा.

त्याला जाऊन चार वर्षं झाली. काकी आता एसटीनं जाते. प्रार्थना संपून बाहेर पडली की अजून आधी लिंबाखाली बघते.