ई नसलेली मोहरी

मी ई जीवनसत्त्वावर पीएचडी करते हे कळल्यापासून मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या बायका मला जिन्यात गाठून विचारायच्या, कॅप्सूल फोडून तोंडाला लावली तर चालेल का. झाडं ते स्वतःसाठी बनवतात, तुमच्या सुरकुत्यांसाठी नव्हे, असं मी तुटकपणे सांगायचे. पुढचं त्यांच्या डोक्यावरून जाईल म्हणून सांगतच नसे. खरं तर पुढचंच सुंदर होतं. या रेणूचं डोकं झाड एका अमिनो आम्लापासून घडवतं, शेपटी बरीचशी हरितद्रव्याच्या भंगारातून काढतं आणि ती दोन्ही जोडण्याचं काम एका जनुकावर असतं. ते जनुक मी मोहरीत बंद पाडलं होतं, म्हणजे त्या मोहरीत ई तयारच होत नव्हतं. तीन वर्षांच्या कष्टांचं ते मूठभर बी, त्यावर माझा सगळा प्रबंध उभा होता.

बी थंड जागी, प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवायचं असतं. पण तिथे आमचे विद्वान दही आणि उरलेली बिर्याणी ठेवत. मला त्यांची किळस यायची. घरच्या फ्रिजमध्ये आईचे बांगडे. म्हणून मी सगळं बी स्टीलच्या डबीत घालून गॅसच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि उन्हाळाभर विसरले.

शेवटच्या पेरणीच्या आदल्या दिवशी मी तापाने पडले. आई मूळची मालवणची. तिने मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली आणि मोहऱ्या तव्यावर टाकल्या. घाणेरडा वास सुटला, तेव्हा कुठे तिच्या हातातली डबी मला दिसली. मी तिला नको नको ते बोलले. अडाणी म्हणाले. एवढा वास आला म्हणजे दृष्टही मोठीच असेल, असंही खिजवून विचारलं.

तिने डबी माझ्यापुढे धरली. अर्ध्याहून जास्त बी शिल्लक होतं.

"दिष्ट खयची गो? मोहरीच खवट झाली होती तुझी."

बियांतलं तेल खवट होऊ न देणं, हेच तिथे ई जीवनसत्त्वाचं काम. हे वाक्य माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर होतं.

उरलेलं बी मी ओल्या टिपकागदावर पसरलं, शेजारी स्वयंपाकघरातली मोहरी. चौथ्या दिवशी आईची मोहरी हिरवीगार उगवली. माझं एकही बी उगवलं नाही. फेकू का, असं आईने हळूच विचारलं. मी मानेनेच हो म्हटलं. अडाणी हा शब्द मात्र मला अजून परत घेता आलेला नाही.