थोरलीच्या तोंडी पाच वाक्यं

“बाई, ही चार पानं मुकीच छापायची व्हय?”

मंचरच्या प्रेसमधले भास्करराव प्रूफ धरून उभे होते. आमच्या दिवाळी अंकाची संपादक मी. शेवटचा फॉर्म, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा गठ्ठा, मशीनवर चढायचा होता.

पानांवर चित्रं होती, शब्द नव्हते. जुन्नरच्या नसरीननं मांगा दिली होती. जपानी धाटणीची चित्रकथा. दोन बहिणींची गोष्ट, थोरली मरते. शेवटच्या चार पानांत फक्त दारातल्या तिच्या चपला, खुंटीवरची ओढणी, गार झालेला चहा, धाकटीची पाठ.

नसरीन सांगून गेली होती, “मॅडम, बाकी काय पण कापा. ही चार पानं तशीच ठेवा. त्यांच्यासाठीच सगळी गोष्ट काढलीय.”

मी हो म्हणाले होते. पण मी तेव्हा कादंबरीकार होते, निदान माझ्या मते. माझ्या कादंबरीत कुणी फुकट मरत नसे. आधी पाणी मागायचं, उपदेश करायचा, मग मान टाकायची. एक नायिका तर अकरा पानं खोकली. वाचक तिच्या आधी गेले असणार.

“लोक म्हणतील, शाई संपली,” भास्करराव म्हणाले.

मला पटलं. पोरीला मरण लिहिता येत नाही, असं मी ठरवून टाकलं. फोन हाताशी होता, केला नाही. भास्कररावांकडून चित्रांवर फुगे काढून घेतले. फुगा म्हणजे पात्राचं बोलणं लिहायची गोल जागा. ‘रडू नकोस, अम्मीला जप’ अशी पाच वाक्यं थोरलीच्या तोंडी घातली. थोरली चित्रात नव्हतीच, म्हणून फुगे चपलांवर तरंगत ठेवले. वर स्वतःवर खूश झाले.

अंक निघाला. आठवड्यानं नसरीनचा फोन आला.

“मॅडम, आपा बोलली कशी?”

“अगं, वाचकाला भिडायला हवं ना.”

“माझी आपा व्हती ती, सख्खी थोरली बहीण. हायवेला ट्रकनं उडवलं. कायच बोलली नाय. मी तेच काढलं व्हतं.”

मी घाईनं म्हटलं, “पुढच्या अंकात दुरुस्ती छापते.”

“नको. अम्मीनं वाचलंय. तिला वाटतंय, आपा खरंच बोलली. मला विचारते, इतके दिवस मला का नाय सांगितलंस? आता तिला काय सांगू?”

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

आता नातीच्या मांगा वाचते. कादंबरीत मरण सांगावं लागतं. इथं पान उलटताना ते आपल्याच हातून घडतं. हे कळलं तेव्हा माझं संपादन सुटलं होतं.

नसरीननं पुन्हा काही पाठवलं नाही. भास्करराव मात्र अजून म्हणतात, त्या अंकात तीच गोष्ट लई भारी व्हती, त्यातलं आपाचं बोलणं तर फारच. मी ऐकून घेते. नव्या संपादकांना एवढंच सांगते, गप्प पान दिसलं की आधी लेखकाला फोन करा.