रुंद काचेचा फोटोवाला

“लांबनंच फोटू काढायचा तर मोबाईल काय वाईट हाय?” असं म्हणत तो समोरच्याच्या छातीवर पंजा ठेवायचा आणि त्याला मागे ढकलायचा. मग स्वतः त्याच्या जागेवर, घाटाच्या अगदी कडेला, मांडी ठोकून बसायचा. ढकललेला माणूस पुढारी असो नाहीतर भेळवाला, त्याला काही फरक पडत नसे.

मी बैलगाडा शर्यतींचा निवेदक. जुन्नर-आंबेगावातल्या यात्रांमध्ये माईकवर ओरडणं हा माझा धंदा आणि त्या शर्यतींचे फोटो काढणं हा त्याचा. ओतूरला एसटी स्टँडजवळ त्याचा स्टुडिओ होता, पण यात्रांच्या दिवसांत तो तिथे सापडेल तर शपथ. तुम्ही घाट पाहिला असेल तर सांगायला नको. पाहिला नसेल तर एवढंच समजा, चढाची एक मोकळी धाव, दोन्ही अंगांना माणसांच्या भिंती, आणि खालून चार बैल जुंपलेला गाडा असा सुटतो की पायाखालची जमीन हादरते. बैल बुजला की सरळ गर्दीत घुसतो. बरगड्या मोडलेली, मांडी फाटलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत आणि लगेच पुढच्या गाड्याची बारी पुकारली आहे. धंदाच तसला.

तो पुण्याला भिंग घ्यायला गेला तेव्हा मी बरोबर होतो. जुन्नर म्हणजे बिबट्याचा मुलूख, बिबट्या टिपायचा तो लांबूनच, म्हणून दुकानदाराने हातभर लांब भिंग काढलं. ह्याने ते कॅमेऱ्याला लावून त्याच्यावरच रोखलं.

“ह्यात तुमचं निस्तं नाक दिसतंय, शेठ.”

मग त्याने सगळ्यात आखूड, फुगीर काचेचं, अतिरुंद कोनाचं भिंग चढवलं. त्यात दुकानदार, काउंटर, छताचा पंखा, माझा अर्धा हात आणि ह्याचे स्वतःचे बूट, सगळं आलं. गडी हरखला.

“हीच काच द्या. हिच्यात बैल बी मावत्यात आन गाव बी.”

त्या काचेत एक दगा होता. ती जवळचं लांब दाखवते. कॅमेऱ्याला डोळा लावला की हाताला लागेल असा बैलही चांगला पलीकडे वाटतो. म्हणून तो डोळा लावायचाच नाही. कॅमेरा पोटाशी, नजर बैलांच्या पायांवर, आणि अंदाजाने बोट दाबायचं. एकदा शिंगाने त्याचा शर्ट खांद्यापासून कमरेपर्यंत फाडला. पाठीवरून रक्ताची धार लागलेली आणि हा पडद्यावर फोटो बघत बसलेला.

“अरे, दवाखान्यात चल की!”

“थांबा वो अण्णा, भंडारा कसा उडालाय ते बगा आदी.”

काच आणखीही एक करायची. जे पुढे ते अवाढव्य, जे मागे ते एवढंसं. ह्यावरूनच एकदा डोकी फुटली. बोरी बुद्रुकच्या एका मालकाची जोडी पुढे आणि महाळुंगे पडवळच्या एकाची मागे, असा भागीतला गाडा फायनलला पहिला आला. ह्याने समोरून काढलेला फोटो दोघांनी भल्यामोठ्या फ्लेक्सवर चढवला. पुढचे बैल हत्तीसारखे, मागचे बिचारे शेळ्यांसारखे दिसत होते.

“माजी बैलं काय बोकडं हायेत का रं?” मागच्या जोडीचा मालक गरजला.

पुढच्या जोडीचा मालक हसला. त्याने हसायला नको होतं. फ्लेक्सचे बांबू उपसूनच हाणामारी सुरू झाली. एकाचे दात पडले, दुसऱ्याचं मनगट मोडलं, आणि मग दोघांनी मिळून आमच्या फोटोवाल्याला लाथाबुक्क्यांनी तुडवला. मी मध्ये पडलो तर माझ्याही कानाखाली एक सणसणीत बसली.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा एक डोळा पार मिटलेला होता.

“अण्णा, भागी मोडली त्यांची. माज्या फोटूपायी चार बैलांची जुळणी तुटली.” त्याला खरोखर रडू येत होतं. “आता चौघं सारखी दिसतील असा फोटू काढतो आन दोघांच्या बी दारात नेऊन ठिवतो.”

“मग दुसरं भिंग घे. मागे उभा राहून काढ.”

“लांबनं काढल्याला फोटू मेल्याला असतोय, अण्णा.”

हातापाया पडून त्याने दोघांना एका बारीपुरतं तयार केलं. यंदा आंबेगावातल्या एका घाटात गाडा जुंपला. चौघे सारखे यायचे तर गाडा बरोबर समोर आडवा हवा आणि काच जराही तिरकी नको. ते पोटाशी धरून अंदाजाने जमत नाही. त्याने डोळा लावला.

गाडा सुटला. अर्ध्या चढावर कडेचा बैल बुजला आणि सगळा गाडा त्याच्या अंगाकडे सरकत आला. आम्हा सगळ्यांना दिसत होतं, त्यालाच दिसत नव्हतं. मी माईकवर “सरक! सरक!” म्हणून बोंबललो. पण मी तर प्रत्येक बारीला बोंबलतो. बैलाच्या खांद्याने त्याला आडवा केला आणि चाक छातीवरून गेलं. दोन्ही मालक घाटात उड्या टाकून धावले, त्यांनीच त्याला उचलून गाडीत घातलं. दवाखाना येण्याआधीच तो गेला. मला त्याचा फार राग येतो. अजून येतो.

कॅमेरा फुटला, फोटो मिळाला. चारही बैल सारखे आलेत. दोन्ही मालक पुन्हा भागीत गाडा पळवतात आणि तो फोटो दोघांच्याही दारात आहे. मोबाईलवर तर तो तालुकाभर फिरला. लोक मला दाखवतात आणि विचारतात, “गाडा तर लई लांब दिसतोय, मंग लागला कसा? आन पब्लिक बगा राव, कसलं पेटलंय!”

पलीकडच्या अंगाला शेकडो माणसं हात पुढे करून, तोंडं उघडून ओरडताना दिसतात. कोपऱ्यात मंडपात मी आहे, माईक ओठांना लावलेला. नीट पाहिलं तर कळतं, आमच्यातला एकही जण बैलांकडे बघत नाहीये. आम्ही सगळे त्याच्याकडे बघतोय.