भाटवे इंजिन टांगून गेले

दामोदर भाटवे गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्यावर रागावलेला होतो. बुधवारची सकाळ होती. शाळेत प्रार्थना चालू होती, आणि आदल्या रविवारी आमचं जे भांडण झालं त्यातली माझी वाक्यं मी मनातल्या मनात सुधारून घेत होतो. भांडण संपल्यावरच मला चांगली वाक्यं सुचतात, हा माझा जुना आजार. येत्या रविवारी अर्जुनीला जायचं, सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, उभं राहायचं, एक पॉज घ्यायचा आणि सुनवायचं, अशी जय्यत तयारी होती. तेवढ्यात त्यांच्या शेजाऱ्याचा फोन आला. "मास्तर, निघा लवकर. दामोदरभाऊ गेले. चहाचा कप हातातच होता…" ऐकणाराच उठून गेला. माझी वाक्यं तशीच राहिली. आता महिना उलटून गेला, तरी राग काही पुरता उतरलेला नाही.

भाटवे म्हणजे आमच्या झाडीपट्टीत बहिणीचा नवरा. माझी थोरली बहीण शकूताई अर्जुनी मोरगावला दिलेली. मी आईजवळ केशोरीला. त्या दिवशी मोटारसायकल कशी हाणली ते माझं मलाच आठवत नाही. अंगणात माणसं जमली होती, आत बायका ताईला धरून बसल्या होत्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध, सपरीत, भाटव्यांची पांढरी जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती. तिचं इंजिन सपरीच्या लोखंडी गर्डरला चेन-कप्पीनं टांगलेलं होतं. येणारा प्रत्येक माणूस आधी तिकडे बघायचा, मग आत जायचा. एका म्हाताऱ्यानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "मास्तर, हे कायले टांगून ठेवलं गा?" मला रडू यायच्या आधी चीड आली. माणसानं जावं, पण हातातलं काम संपवून तरी जावं!

आता भाटव्यांचं हातातलं काम म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय माझी चीड कुणाला कळायची नाही. उभी हयात त्यांनी राईस मिलमध्ये फिटर म्हणून घालवली. गोंदियापासून इकडे आमच्यापर्यंत कुठल्याही मिलचं हलर असो, पॉलिशर असो, चाळणी असो, ती थरथरायला लागली की मालक भाटव्यांना बोलावायचे. ते यायचे, मशीनवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि एखाद्या वैद्यासारखे गप्प उभे राहायचे. मग म्हणायचे, "पाया ढिला हाय." पान्याच्या दांड्यावर पाईप चढवून असे काही नट आवळायचे की मशीन जमिनीतून उगवल्यासारखी घट्ट. "हालली ते मशीन मेली," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. माणसांनाही ते हेच लावत. मी नाटकात काम करतो, बोलताना हातवारे करतो, तर म्हणायचे, "मास्तर, तुझा पाया ढिला हाय."

निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. तिसऱ्या हाताची. सुरुवातीला बरी होती, मग थरथरायला लागली. इतकी, की आरशात मागून येणारी एक एसटी तीन दिसायची. त्यातच गेल्या वर्षी ताईच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बस बंद केली, मोटारसायकल तर नावच नको. उरली ही गाडी. तपासणीसाठी ताईला तिच्यातून एकदा गोंदियाला नेलं, परत आणलं. ताई घरात शिरली, खाटेवर आडवी झाली आणि छताकडे बघत म्हणाली, "ऐका जी. मी तांदूळ नोहो. त्या चाळणीत पुन्हा बसत नाही." ज्या माणसानं सगळ्या तालुक्याच्या चाळण्या ठीक केल्या, त्याला घरच्या बायकोनं हे ऐकवलं! भाटवे दोन दिवस जेवले नाहीत धड. आणि ताई खरंच बसली नाही. केशोरीला आई नव्वदीकडे झुकलेली, तिला प्रवास होत नाही. ताईला गाडी सोसत नाही. मायलेकी वीस-पंचवीस किलोमीटरवर बसून मोबाईलवर एकमेकींचं कपाळ बघायच्या, कारण दोघींनाही फोन नीट धरता येत नव्हता.

दुखणं काय ते सापडायला वेळ लागला नाही. गाडीचं इंजिन सांगाड्यावर थेट बसत नाही. मध्ये रबराच्या जाड गाद्या असतात. माउंटिंग म्हणतात त्यांना. इंजिनाची थरथर त्या गाद्या पिऊन टाकतात, बसणाऱ्यापर्यंत पोचू देत नाहीत. आमच्या गाडीच्या तिन्ही गाद्यांना उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या बोडीसारख्या, म्हणजे आमच्याकडच्या लहान तळ्यासारख्या, भेगा गेल्या होत्या. नव्या टाकायच्या, एवढंच काम. मेकॅनिकनं नवी गादी दाखवली. भाटव्यांनी ती अंगठ्यानं दाबली. ती दबली. झालं! "हे रबर हाय का पुरणपोळी?" म्हणून ते उठले. घरी येऊन त्यांनी राईस मिलचा जुना पट्टा काढला, तो जाडजूड, दोऱ्याचे थर असलेला, आणि त्याचे तुकडे कापून, थरावर थर चढवून स्वतः तीन गाद्या बनवल्या. इतक्या कडक, की हातोडी मारली तर हातोडी परत यायची.

मग सुरू झाले आमचे रविवार. गर्डरला कप्पी, कप्पीला इंजिन, इंजिनाखाली भाटवे, आणि भाटव्यांच्या डोक्याशी टॉर्च घेऊन मी. "मास्तर, उजेड नटावर मार. तू नट हायेस, पण तुझ्यावर नोको मारू." गाद्या बसल्या. पाईप लावून नट आवळले. मोठ्या थाटात ताईला बाहेर खुर्चीवर बसवलं. भाटव्यांनी चावी फिरवली… आणि काय सांगू! आधी फक्त इंजिन थरथरायचं, आता गाडीच थरथरायला लागली. काचा वाजल्या, दारं वाजली, डॅशबोर्डवरचा गणपती आपोआप फिरून पाठमोरा झाला. ताई उठली. खुर्ची ढकलत आत घेऊन गेली.

"रस्ता खराब हाय," भाटवे म्हणाले.

"भाटवे, गाडी उभी आहे."

"मंग जमीन हालून राहिली असन."

असे तीन रविवार. दर वेळी त्यांचं निदान एकच: पाया ढिला. दर वेळी आणखी आवळायचं, आणखी कडक तुकडा. दर वेळी मी सांगायचो, भाटवे, मिलची मशीन जमिनीला धरून ठेवायची असते, पण गाडीत माणूस बसतो. आणि दर वेळी ते मला ठेकेदारानं मजुराकडे बघावं तसं बघायचे. माझ्या पांढऱ्या शर्टांचा जो सत्यानाश झाला त्याबद्दल माझी बायको अजून बोलते.

शेवटी मी एक कट केला. गोंदियाला गेलो, दुकानदाराला गाडीचं मॉडेल सांगितलं. तो म्हणाला, "मास्टरजी, इसमें जुगाड़ मत करो, ओरिजिनल डालो." तीन ओरिजिनल माउंटिंग घेतले आणि रविवारी भाटव्यांसमोर खोक्यातून एकेक काढून मांडले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "तुले वाटते का, माह्यानं होत नाही?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण समोर माणूस गप्प असला की मला जोर चढतो. मी म्हणालो, "तुमच्या हट्टापायी ताई वर्षभर घरात कोंडून आहे. आई गेली आणि भेट झाली नाही, तर काय करणार तुम्ही?"  भाटव्यांनी पाना उचलला, कप्पीची साखळी ओढून इंजिन वर घेतलं, आपल्या हातानं बनवलेले तीन तुकडे एकेक करून काढले आणि भिंतीशी नीट रचून ठेवले. मग म्हणाले, "घरी जा तू. उशीर होते." दुपारचे दोन वाजले होते. ते आमचं शेवटचं बोलणं. बुधवारी ते गेले.

तेरवी झाली. तेरवीनंतर भावानं बहिणीला चार दिवस माहेरी न्यायचं, ही आमच्या घरची रीत. मी ओळखीच्या एकाची मोठी, मऊ सीटची गाडी ठरवली. ताई म्हणाली, "त्याहीच्याच गाडीतून येतो. नाही तं येतच नाही." मी म्हटलं, मग ती ओढून मेकॅनिककडे नेऊ. तर तेही नाही. "त्याहीच्या गाडीले परक्याचा पाना लागू देत नाही मी." वा! नवरा हट्टी, बायको हट्टी, मधे मी, ज्याला आजवर टॉर्चच्या पलीकडे कुठलंही हत्यार कोणी हाती दिलं नव्हतं. तिकडे आई फोनवर रोज विचारत होती, "शकू कधी येऊन राहिली?" आणि तिचा आवाज रोज थोडा बारीक होत होता.

शाळेत रजा टाकली आणि मी गाडीखाली शिरलो. पहिल्यांदा जे दिसलं ते बघून टॉर्च हातातून निसटायचाच बाकी होता. मागची गादी, जिच्यापर्यंत हात पोचायलाच अर्धा तास लागतो, ती बसवलेली होती. नवीकोरी. मी आणलेली. म्हणजे मला घरी घालवून सोमवार-मंगळवारी कधीतरी भाटव्यांनी मुकाट्यानं माझंच ऐकलं होतं… आणि मला फोन करून एक शब्द सांगितला नव्हता! मी गाडीखाली उताणा पडून त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. त्याच तोंडानं रडलोही असेन. ग्रीस डोळ्यांत गेलं होतं, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

पण काम अर्धवट. त्या गादीचे नट नुसते बोटानं फिरवून सोडलेले, ढिले. मी ते पाईप लावून आवळले, अगदी भाटव्यांच्या थाटात. मग पुढच्या दोन गाद्या. आता भोकात भोक येईना. उजवीकडे जुळलं की डावीकडे बोटभर सरकायचं. दोन दिवस गेले. अंगठा ठेचला, पाना माझ्या कपाळावर पडला, आणि तिसऱ्या दिवशी पहारीनं इंजिन ढकलून-रेटून मी नट कसेबसे घातले आणि आवळले. कप्पी सोडली. चावी फिरवली. गाडी थरथरली. आधीपेक्षा कमी, पण ताईच्या पाठीला पुरून उरेल इतकी. मी पाना अंगणात भिरकावला. "इतकं ओरिजिनल टाकूनही हालते, तर मी काय करू? मेला तो एक सुटला!"

बोललो आणि जीभ चावली. ताई दारात उभी होती. ती कंबरेचा पट्टा सावरत सावकाश अंगणात गेली, पाना उचलायला तिला वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं तो पायानं माझ्याकडे सरकवला.

"नट कधी आवळले तू?"

"बसवले तेव्हाच."

"मागचेही?"

"ते तर ढिलेच सोडले होते भाटव्यांनी. राहून गेलं असेल."

ताईनं मान हलवली. "राहून नाही गेलं, बाबू. सोडले होते. नवी मशीन बसवली का ते नट ढिले ठेवत. मशीन रिकामी चालवत. आधी तिले तिची जागा पाहू दे म्हणत, मंग आवळ. तीस वर्षं जेवताना हेच ऐकलं मी."

"मग त्या तीन रविवारी काऊन नाही केलं तसं?"

ती खुर्चीवर बसली. पदरानं चेहरा पुसला. "घाई झाली होती त्याहीले. मले बसवाची."

मी पुन्हा गाडीखाली गेलो. तिन्ही गाद्यांचे नट ढिले केले. गाडी चालू केली, तशीच चालू ठेवली, आणि आम्ही बहीण-भाऊ तिच्याकडे बघत बसलो. इंजिन जरा डुललं, जरा सरकलं, एकदा कुरकुरलं, आणि मग खाटेवर कूस बदलून माणूस स्थिर व्हावा तसं बसलं. गाडी बंद करून मी नट आवळले. पाईप न लावता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. ताई पुढच्या सीटवर, पाठीमागे एक उशी, हात मांडीवर. धानाच्या बांध्यांमधून, तलावाच्या पाळीवरून मी इतकी हळू चालवली की एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं. ताई वाटेत एकदाही कण्हली नाही. घरासमोर गाडी उभी केली आणि मी चावीकडे हात नेला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"बंद नोको करू."

आई काठी टेकत दारात आली होती. वर्षभरानं लेक समोर दिसत होती आणि ती गाडीतून उतरत नव्हती. "काऊन वो शकू, उतरत काऊन नाही?"

ताईनं डॅशबोर्डवर तळहात टेकवला, डोळे मिटले. गाडी चालू होती की बंद, बाहेरच्याला कळलं नसतं.

"थांब ना माय," ती म्हणाली, "त्याहीचं काम पाहून राहिली."