गजराबाईचा डिंक

कळसाडीच्या चुडामण पाटलांचा हिलाल पुण्याला रसायनशास्त्र शिकला. पोरगा आता मुंबईच्या कारखान्यात लागणार, असं गाव धरून चाललं होतं. तो मात्र शहाद्याच्या नव्या कॉलेजात शिकवायला परतला.

डिंकासारख्या लांबलचक रेणूंच्या पदार्थांचा त्याला नाद होता. काचेच्या उभ्या नळीत जेलचे बारीक मणी भरून तो वरून द्रावण सोडी. मोठे रेणू मण्यांना वळसा घालून आधी खाली येत, लहान रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरून रेंगाळत मागून येत. खाली जमलेल्या थेंबांत रसायन घालायचं आणि रंगाच्या गडदपणावरून आलेख काढायचा.

१९६७ च्या उन्हाळ्यात सातपुड्यातली गजराबाई डिंकाची पाटी घेऊन त्याच्या दारात आली. तिचा धावड्याचा डिंक खरेदी संघाने नाकारला होता. संघाचा तपासनीस इंद्रसिंग म्हणाला होता, यात बाभळीचा डिंक मिसळलाय.

"दादा, मन्हा डिंकमा भेसळ नई शे," ती म्हणाली.

"मी देखसू, बहिन. बस."

हिलालने कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो डिंक दाट भिजवून नळीत सोडला. आलेखावर दोन उंचवटे आले. तपासणी बघायला आलेला इंद्रसिंग शेजारीच उभा होता. "बघा सर, दोन डिंक!"

हिलाल डगमगला नाही. नळीतून उतरताना त्या दाट द्रावणाला बोटांसारखे फाटे फुटलेले त्याने पाहिले होते. एवढा चिकट माल मण्यांतून सरळ कसा उतरेल? एकच डिंक मागेपुढे उतरून दोन उंचवटे पडले असतील.

"पातळ करून बघू," तो म्हणाला.

पाणी वाढवलं, तसे उंचवटे जवळ सरकले. आणखी पातळ केल्यावर एकच उरला, सरळ आणि सुबक.

"एवढं पाणी घातल्यावर काय दिसणार? भेसळही लपली असेल," इंद्रसिंग म्हणाला.

"बरोबर शंका आहे." हिलालने धावड्याचा आणि बाभळीचा डिंक मुद्दाम एकत्र केला, तितकाच पातळ करून सोडला. आलेखावर स्पष्ट दोन उंचवटे उमटले.

इंद्रसिंग बराच वेळ दोन्ही कागद न्याहाळत राहिला. मग त्याने स्वतः पाटी उचलून बैलगाडीत ठेवली. "चाला बाई, संघात."

त्या हंगामापासून संघाचे नमुने हिलालकडेच येऊ लागले. मुंबईची नोकरी न धरल्याचं वाईट वाटत नाही का, असं कुणी विचारलं की तो हसून नळीकडे बोट दाखवी.