रीसेटच्या आधी आलेली ओळ

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी सौदे करणारा माणूस. वस्तू टेबलावर ठेवा, उलटसुलट करून बघतो, मग बोलू... ही गोष्टसुद्धा तशीच बघितली. हाती काही लागलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये, एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर माझी छोटी कंपनी आहे. अकोल्याहून आलो तेव्हा इथे कोणी ओळखीचं नव्हतं. सगळं स्वतः उभं केलं. गाडीतला एखादा भाग तयार होण्याआधी तो कॉम्प्युटरमध्ये आभासी रूपात उभा करतात. त्याच्याशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, आम्ही लिहितो.

हे काम मला नलिनीताईंनी शिकवलं. माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, माझ्या पहिल्या एम्प्लॉयी. त्यांचा एकच हट्ट — डिव्हाइस अडकलं म्हणून धाडकन रीसेट मारायचा नाही. आधी नवीन कामं देणं थांबवायचं. दिलेली किती परत आली ते मोजायचं. जे अडकलंय ते आपण परत आणायचं. मागे राहिलेलं एखादं काम नंतर भलत्याच जागेत येऊन पडतं आणि सगळी सिस्टिम कोसळते. टेस्टिंग करताना ताई लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ छापायच्या: ‘सगळे आले का?’

एकदा ती ओळ काढायची राहिली आणि क्लायंटने पाहिली. मी भर मीटिंगमध्ये ताईंवर ओरडलो. शुक्रवारी ताई ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवून गेल्या — प्रोजेक्ट अर्ध्यात टाकून! तो राग मी चार वर्षं सांभाळला.

यंदा मार्चमधला मंगळवार, दुपारचे दोन वीस. नवा ड्रायव्हर, पहिल्या ओळीपासून मीच लिहिलेला. रीसेट केला की सिस्टिम पडायची आणि गुरुवारी डेमो. पुन्हा रीसेट दाबला... या वेळी पडली नाही. थांबली. लॉगमध्ये दोन ओळी आल्या.

सगळे आले का?
एक बाकी.

मोजलं. खरंच एक रिक्वेस्ट, म्हणजे डिव्हाइसला दिलेलं एक काम, परत यायचं राहिलं होतं. माझी चूक तीच होती. पण या ओळी आल्या कुठून? सगळा कोड शोधला, कुठेच नाहीत. डोकं सटकलं. ताई माझ्या सिस्टिममध्ये घुसल्या! तडक फोन लावला.

त्यांच्या मुलीने, ईशाने उचलला.

“काका? आई इज व्हेरी सिक. डॉक्टरांनी ट्रीटमेंट स्टॉप केलीय. लॅपटॉप तर दिवाळीपासून बंद आहे... वेट, शी वॉन्ट्स द फोन.”

“दिनेश, भांडायला फोन केलास ना?” आवाज अगदी बारीक झाला होता.

“...हो.”

“किती बाकी आहेत?”

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

“एक.”

“मग ये इकडे.”

“ताई, गुरुवारी डेमो झाला की—”

“आज.”

“उद्या सकाळी नक्की.”

“मी भाव करत नाहीये रे.”

वीस मिनिटांत त्यांच्या घरी पोचलो. ताईंचा हात हातात घेतला, अगदी हलका लागला.

“काम अर्ध्यात टाकून गेलात,” मी म्हणालो. चार वर्षं तोंडात धरलेलं वाक्य.

“सगळ्यांसमोर ओरडलास.”

“चुकलं माझं.”

“माझंही. सांगून जायला हवं होतं.”

लॉगचं सांगितल्यावर त्या हसल्या. “मला चमचा धरवत नाही, कोड कुठला लिहितेय!”

“मग किती बाकी, हे कसं विचारलंत?”

“तुझी घाई मला माहीत नाही का?”

एवढंच बोलल्या. मग अर्धा तास त्यांनी माझ्या ड्रायव्हरमधल्या चुका काढल्या. रविवारी त्या गेल्या.

ती लॉग फाइल अजून माझ्याकडे आहे. दोन्ही ओळी तिच्यात आहेत, कोडमध्ये नाहीत. कशा आल्या, मला आजही सांगता येत नाही. नंतर कितीही वेळा रीसेट केला तरी त्या पुन्हा आल्या नाहीत. शेवटी पहिली ओळ मीच कोडमध्ये टाकली.

परवा क्लायंटने विचारलं, ही कुठली भाषा, काढता येईल का?

म्हटलं, बाकी सगळ्यावर बोलू. ती ओळ राहील.