पाय धुण्याचा रविवार

लिओना उनरू लोकांच्या मनाच्या दुखण्यांवर बोलून उपचार करायची. अमेरिकेत, कॅन्ससमधल्या त्या गव्हाच्या गावात तिचं माहेरही तेच आणि सासरही तेच, सगळी मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची मंडळी. शत्रूवर प्रेम करा, हे येशूचं सांगणं त्यांनी असं मनावर घेतलेलं, की पोरांना खेळण्यातली बंदूकसुद्धा मिळत नसे. अशा घरातली ट्रिना श्राग बापाशी भांडून सैन्यात गेली आणि इराकात मालट्रक चालवून परत आली. गावाने तिच्या घरी गोळ्यावर गोळा ठेवून भाजलेले दुमजली पाव पोचवले, पावसापाण्याचं बोलले, पण तिकडे काय झालं ते कुणी विचारलं नाही. न विचारण्यातच माया आहे, असं त्यांना वाटायचं.

ट्रिनाने ते सांगितलं फक्त लिओनाला. ट्रकसमोर एक पोर आलं. हुकूम होता थांबायचं नाही, कारण एक गाडी थांबली की मागच्या सगळ्यांवर हल्ला. ती थांबली नाही.

"पाप होतं का ते?"

लिओनाने तिच्या धंद्यात शिकवतात तसं विचारलं, "तुला काय वाटतं?"

"तेवढं विचारायला घरी मांजर आहे माझी, बाई."

मग लिओनाने तिला समजावलं, की दोष तुझा नव्हता. तशी ट्रिना उठलीच. तिच्या गाडीत पिस्तूल असतं, हे लिओनाला ठाऊक होतं. जीव द्यायचं मनात आहे का, असं तिने सरळच विचारलं. "आज नाही," म्हणून पोरगी निघून गेली, आणि नंतर फोन काही उचलेना. शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला कळवावं, तर दारात त्याची गाडी बघून ही काय करून बसेल, या धास्तीने लिओनाच्या घशाखाली घास उतरेना.

रविवारी प्रभुभोजनानंतर बायका चर्चच्या तळघरातल्या दालनात जमल्या. घमेली, पंचे मांडलेले. येशूने शिष्यांचे धुतले तसे शेजारणीने शेजारणीचे पाय धुवायचे, अशी रीत. बाकाच्या टोकाला ट्रिना बसली होती, मोजे न काढता. तिला अवघडायला नको म्हणून सगळ्याजणी मोठ्या प्रेमाने दुसरीकडे वळल्या.

लिओनाच्या धंद्याचा नियम असा, की उपचाराच्या खोलीबाहेर रुग्णाला ओळखसुद्धा दाखवायची नाही. तरी ती घमेलं उचलून ट्रिनाकडे चालू लागली.

"अगं, आणि माझे पाय?" सासूबाई म्हणाल्या.

"घरी धुते."

ती गुडघ्यांवर बसली आणि तिने स्वतःच ट्रिनाचे मोजे काढले. पाय बर्फासारखे गार. उजवा पाय पाण्यात गेला तशी ट्रिना पुटपुटली, "हाच तो. ब्रेकवर होता. मी दाबला नाही."

या वेळी लिओनाने उलटा प्रश्न केला नाही, की समजूतही घातली नाही.

"ते पोर मेलं," ती म्हणाली. "मागचे वाचले, तेही खरं. पण पोर मेलं. ते देवापुढे ठेवायला मी येते तुझ्याबरोबर. एकटीने जायचं नाही."

आणि तोच पाय तिने पुन्हा एकदा धुतला. मग रीतीप्रमाणे ट्रिना खाली बसली आणि लिओनाचे पाय धुऊ लागली. पाणी सगळं बाहेरच सांडत होतं.

"गाडीच्या पुढच्या कप्प्यात आहे ते," ती मान वर न करता म्हणाली. "तू काढ. मी हात लावत नाही."

जन्मात बंदूक न धरलेल्या लिओनाने ते पिस्तूल ओल्या पंच्यात गुंडाळलं आणि तापलेलं पातेलं घ्यावं तसं मांडीवर घेतलं. ते जमा करायला शेरीफच्या कचेरीकडे निघाल्या, तेव्हा गाडी ट्रिनाच चालवत होती.

"बाई, नळी तिकडे कर ना," ती ओरडली. "माझ्याकडे नको."

लिओनाने ती घाईघाईने दाराकडे वळवली, आणि तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा भुकेची जाणीव झाली.